वास येतोय काय?

मिसळ खाताना समोरच्या माणसाला ठसका लागला, त्यानं नाकाला रुमाल लावला आणि मी अर्धी मिसळ टाकून, पैसे ठेवून थेट बाहेर. कटाच्या तिखटानं ठसका लागतो हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाबी कळतंय. पण मला पक्कं माहीत होतं की रुमाल माझ्या अंगाच्या वासामुळं निघाला.

दोन वर्षं हे चाललं. त्याआधीचा माझा ओसीडी (नको ते विचार डोक्यात घोळतात आणि तेच तेच करायला लावतात, तो आजार) साधा होता, म्हणजे साधा कसला, रात्री गॅसचा कॉक चार-चारदा बघायचा, कुलूप ओढत बसायचं, घरात त्याला मंत्रचळ म्हणायचे आणि हसायचे. पण तेव्हा माझं मला कळायचं की कॉक बंदच आहे, मीच येड्यासारखं करतोय. वासाचं तसं नव्हतं, तिथं शंका नव्हतीच, खात्री होती. केएमटीच्या बसमध्ये कुणी खिडकी उघडली, माझ्यामुळं. ऑफिसात कुणी शिंकलं, माझ्यामुळं. दिवसातनं तीन आंघोळी, बॅगेत दोन जादा शर्ट, डिओची बाटली आठवड्यात संपायची. आधी दाताच्या डॉक्टरकडं गेलो, मग स्किनवाल्याकडं, दोघंबी म्हणाले काय नाही, तर मला वाटलं तोंडावर कसं सांगतील. मामीनं जोतिबाला नारळ फोडला ते वेगळंच.

सगळ्यात जास्त पिडली ती आईला. "आई, वास येतोय काय बघ." "न्हाई रं बाबा." दहा मिनिटं बरं वाटायचं, मग डोक्यात सुरू, हिला सर्दी झाली असंल, नाकाला सवय झाली असंल, माया आहे म्हणून खोटं बोलती. परत विचारायचं.

शेवटी मित्रानं राजारामपुरीत एका सायकियाट्रिस्टकडं नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, वास येतोय असं वाटतंय का येतोयच? म्हटलं येतोयच. मी आधीच गुगल करून स्किझोफ्रेनिया झालाय असं ठरवून टाकलेलं आणि रात्रभर रडलेलो. ते म्हणाले, तसं नाही. ओसीडीत इनसाइट नावाची गोष्ट असती, आपला विचार खोटा आहे हे पेशंटला किती कळतं ते. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन पुस्तकात, त्याच्या पायऱ्या दिल्यात, कुणाला बऱ्यापैकी कळतं, कुणाला कमी, आणि कुणाला अजिबात नाही, म्हणजे भ्रमाइतकी खात्री असती, तरी तो ओसीडीच. नाक वाकडं आहे, चेहरा बिघडलाय असं ज्यांना पक्कं वाटतं त्यांचा बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर पण तिथंच शेजारी ठेवलाय. माझ्या वासाच्या प्रकाराला आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, स्वतःचं नाव आहे, ऑल्फॅक्टरी रेफरन्स डिसऑर्डर, ते पण ओसीडीच्याच घरात. जपानीत तर याला फार आधीपासनं शब्द आहे, जिकोशू-क्योफू. हे ऐकून मला जपानमध्ये पाव्हणे सापडल्यासारखं वाटलं.

गोळ्या एसएसआरआयच्या, डिप्रेशनला देतात त्याच, पण ओसीडीत डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि फरक कळायला आठ-बारा आठवडे जातात. मी तिसऱ्याच आठवड्यात बंद करायला निघालेलो, भावानं झापला म्हणून घेतल्या. पण गोळीपेक्षा अवघड थेरपीच. डिओ न मारता केएमटीत मधल्या सीटवर बसायचं, कॉलर हुंगायची नाही, उतरून पळायचं नाही, जीव घाबरा झाला तरी बसून राहायचं. आणि आईला सक्त ताकीद, यानं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. कारण तिचं "न्हाई" हेच माझं व्यसन झालेलं. बिचारी पहिले दोन आठवडे मला टाळायला परड्यात जाऊन बसायची.

आता खात्री शंभरावरनं वीस-तीसवर आलीय, कधी कधी पन्नास. गेल्या महिन्यात शाहू स्टेडियमवर मॅच बघून, ओरडून ओरडून, घामानं भिजून घरी आलो. आईनं दार उघडलं आणि पदर नाकाला लावला. मी बघतच राहिलो. काय झालं विचारलं तर म्हणती, "मला डॉक्टरनी बोलू नको म्हणून सांगितलंय."