काकांचं कपाट

घर विकायला काढलं की फोटोतून सगळ्यात आधी गोदरेजचं कपाट हद्दपार होतं. झाडू, चपला, ओट्यावरचा मिक्सर, फ्रिजवरचे मॅग्नेट हे सगळं पाच मिनिटांत बाजूच्या खोलीत ढकलता येतं. लॉकरवालं लोखंडी कपाट हलवायला मात्र चार माणसं लागतात. म्हणून कपाट जागच्या जागी ठेवायचं आणि कॅमेराच असा लावायचा की ते दिसू नये, ही घरांचे फोटो काढण्याच्या आमच्या धंद्यातली रीत. त्यामुळे शिवाजी पार्कच्या एका फ्लॅटमध्ये मालकांनीच "कपाट आलं पाहिजे, नाहीतर त्या खोलीचा फोटो काढू नका" असं सुनावलं, तेव्हा मला आधी वाटलं, काकांना कपाटही विकायचं असेल.

काम ब्रोकरकडून आलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीचा निरोप: पार्क फेसिंग, हेरिटेज लुक, लक्झरी फील, सगळ्या रूम मोठ्या दिसल्या पाहिजेत. शेवटची सूचना प्रत्येक ब्रोकर करतो. बेडरूम लहान असली तर दोनदा करतो.

घर मात्र खरंच देखणं होतं. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ साली खुलं झालं आणि भोवतालच्या बऱ्याच इमारती त्यानंतरच्या वीसेक वर्षांतल्या. ही त्यातलीच एक. अर्धगोल बाल्कनी, ग्रिलमध्ये उगवत्या सूर्याची नक्षी, जाळीच्या दाराची लिफ्ट, सागवानी दारं, आणि मोझॅकच्या फरशीला चारी बाजूंनी काळा पट्टा. छत अकरा फुटांवर, आणि काकांनी त्याला पीओपी लावू दिलेलं नव्हतं. दादरच्या निम्म्या जुन्या घरांत फॉल्स सीलिंग ठोकून, त्यात निळी एलईडी पट्टी खुपसून अकरा फुटांचे नऊ केलेले असतात. अशा घरात फोटो काढताना हात गळून जातात.

हॉलला वेळ लागला, आणि तो लागतोच. खिडकीत पर्जन्यवृक्षाचा पसारा असला की पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, मेंदू परस्पर दुरुस्ती करतो. कॅमेरा करत नाही. पांढरं छत खिडकीकडे शेवाळी आणि आतल्या बाजूला बल्बमुळे पिवळं दिसतं; कॉम्प्युटरवर एक सुधारायला जावं तर दुसरं बिघडतं. म्हणून मी आधी घरातले सगळे दिवे बंद करतो, फ्लॅश छताकडे मारून एक स्वच्छ फ्रेम घेतो आणि रंग त्या फ्रेममधून उचलतो. खिडकीचं दुखणं वेगळं. आतल्या उजेडाला शटर अर्धा सेकंद उघडं लागत होतं आणि बाहेरच्या झाडाला सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, म्हणजे साठपटीहून जास्त फरक. पाच फ्रेम घेऊन अ‍ॅपवर एकत्र कुटल्या की जे राखाडी, काजळी धरल्यासारखं चित्र तयार होतं ते सध्या सगळीकडे 'प्रोफेशनल' म्हणून खपतं. मी खिडकीची फ्रेम वेगळी घेऊन हाताने बसवतो. वर पार्काची लाल धूळ. काकूंनी सकाळी पुसलेल्या टीपॉयवर तासाभरात पुन्हा थर बसला होता आणि तिरप्या उन्हात तो चमकत होता. माझा असिस्टंट दर फ्रेमआधी मायक्रोफायबरचं फडकं फिरवत होता.

काका हे सगळं खुर्चीत बसून कॅमेऱ्याला जोडलेल्या टॅबलेटवर बघत होते. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, उमेदीची वर्षं पुलांच्या कामांवर गेलेली. मध्येमध्ये "हं" म्हणत. हॉल त्यांना पसंत पडला.

मग मागची बेडरूम. दहा बाय बारा. मी सवयीने दाराजवळच्या कोपऱ्यात ट्रायपॉड टेकवला आणि १६ मिलिमीटरची लेन्स लावली. तिच्यात एका दमात ९७ अंश मावतात. समोरची भिंत मागे सरकते, फरशी पसरते, पलंगाचा जवळचा कोपरा होडीच्या नाळेसारखा पुढे येतो. कपाट बरोबर फ्रेमच्या कडेबाहेर राहिलं.

काकांनी टॅबलेट बघितला, मग खोली बघितली.

"ही कुठली खोली?"

"हीच, काका."

"ही सोळा फुटांची वाटतेय. माझा सगळा संसार दहा बाय बारात झालाय."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्यांना त्यांचं काम करू द्या."

मी माझी बाजू मांडली, आणि ती मला आजही पटते. माणूस खोलीत शिरला की एकाच दिशेला बघत नाही, मान फिरवतो. ५० मिलिमीटरने काढलं तर जेमतेम ४० अंश दिसतील. कपाट आणि अर्धा पलंग, बस्स. गिऱ्हाइकाला खिडकी कुठे, दार कुठे हेच कळणार नाही. तो फोटोही दिशाभूलच करतो.

काकांनी मान डोलावली. "बरोबर आहे. तुमचा सेन्सर किती रुंद?"

"छत्तीस मिलिमीटर."

"आणि फोटो केवढा छापणार?"

"छापतंय कोण? मोबाइलवर बघतात."

लाइट बिलाचं पाकीट उलटं करून त्यांनी पेन्सिलीने गणित मांडलं. उभ्या धरलेल्या मोबाइलवर फोटोची रुंदी सत्तर मिलिमीटर, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या सेन्सरच्या जवळजवळ दुप्पट. लेन्स सोळाची, तर बघणाऱ्याचा डोळाही सोळाच्या दुपटीवर हवा. एकतीस-बत्तीस मिलिमीटर. सव्वा इंच. तिथून बघितलं तरच खोली जेवढी आहे तेवढी दिसेल. ए-फोर कागदावर छापून घेतलं तरी अंतर तेरा सेंटीमीटरच. काकांनी स्वतःचा फोन नाकाला टेकवला आणि त्याच्या वरून माझ्याकडे बघत विचारलं, "असा बघतात का लोक?"

गणित चोख आहे. लोक फोन हातभर लांब धरतात आणि खोली फुगते. खोटेपणा लेन्सच्या काचेत नसतो, बघण्याच्या अंतरात असतो. हल्ली तर ब्रोकर स्वतःच फोनवर पॉइंट फाइव्ह दाबून १२० अंश घेतात. तेरा मिलिमीटर! त्यात संडासही सभागृह दिसतो.

मी म्हटलं, "मग काय करू? खाली 'एक इंचावरून बघा' असं लिहू?"

तेव्हा काका कपाटाकडे वळले. "पुलाच्या तड्याचा फोटो काढताना आम्ही शेजारी पट्टी ठेवायचो. पट्टी नसेल तर तो फोटो वरचे लोक परत पाठवायचे. इथे पट्टी आहेच. गोदरेजचं कपाट कोणी पाहिलेलं नाही? साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. मराठी माणसाला ते डोळे मिटून सांगता येतं."

मी हसलो, पण विचार करत गेलो तशी गंमत कळली. कॅमेरा मागच्या भिंतीला अगदी समांतर लावला तर त्या भिंतीवरच्या वस्तूंचं आपसातलं प्रमाण कुठल्याही लेन्सने बदलत नाही. सोळा लावा, चोवीस लावा, भिंत तीन कपाटं आणि वर फूटभर एवढीच राहते. बघणारा नकळत मोजतो. कोपऱ्यातून तिरपं काढलं की हा हिशेब कोलमडतो, आणि म्हणूनच आम्ही सगळे कोपऱ्यात जाऊन उभे राहतो. हे असं मनाशीही कधी स्पष्ट म्हटलं नव्हतं.

मग ट्रायपॉड दाराच्या मधोमध आणला. २४ची शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी, लावली. कॅमेरा जमिनीपासून चार फुटांवर. छत अकरा फुटांवर असल्यामुळे वरचा भाग कापला जात होता. पण कॅमेरा वर वळवला असता तर कपाट मागे कलंडल्यासारखं दिसलं असतं. म्हणून कॅमेरा सपाट ठेवून फक्त लेन्स वर सरकवली. कपाटाच्या उभ्या कडा आणि दाराची चौकट स्क्रीनवरच्या ग्रिडशी जुळेपर्यंत ट्रायपॉडचं हेड केसाकेसाने फिरवत राहिलो. चौकट ओळंब्यात निघाली, कपाट नव्हतं. त्याच्या एका पायाखाली काकूंनी घडी करून घातलेला पुठ्ठा होता. तो फ्रेममध्ये दिसत होता. काका म्हणाले, "राहू द्या." मी काढायला लावला आणि पॅकिंगची लाकडी चकती घातली. पट्टी हवी तर ती सरळ तरी हवी. सकाळचा उजेड कपाटाच्या राखाडी रंगावरून घसरत येत होता, हँडलवर एक बारीक रेघ उमटली होती. त्या दिवसातला तो सर्वांत शांत, सर्वांत नेटका फोटो. मासिकांत घरांचे फोटो असेच समोरून घेतात. विक्रीच्या फोटोंत कुणी घेत नाही.

रात्री ब्रोकरचा फोन. "भाऊ, ते डबडं कशाला घेतलंत?" मी म्हटलं मालकांचा आग्रह आहे. तो म्हणाला, मालक काय, मी बघतो. दुसऱ्या दिवशी जाहिरात झळकली तेव्हा कपाट गायब होतं. फोनमधल्या कुठल्याशा एआयने पुसून तिथे कोरी भिंत आणि एक कुंडी रंगवली होती. काम वाईट नव्हतं, फरशीचा काळा पट्टासुद्धा जुळवला होता. पण शेजारच्या भिंतीवर ड्रेसिंग टेबल होतं आणि त्याच्या आरशात कपाट तसंच उभं होतं, हँडलवरच्या रेघेसकट.

ते काकांनीच पकडलं. मला स्क्रीनशॉट पाठवला, आरशाभोवती लाल गोल. खाली एकच वाक्य: आरशाला सांगायला विसरले.

पुढे त्यांचं आणि ब्रोकरचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण संध्याकाळपर्यंत माझा मूळ फोटो जाहिरातीत परतला. नव्या प्रकल्पांच्या जाहिरातींवर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. खोट्या जाहिरातीला किंवा सँपल फ्लॅटला भुलून कुणी पैसे भरले, तर भरपाई मागायची तरतूद रेरा कायद्याच्या बाराव्या कलमात आहे. तरीही एका सँपल फ्लॅटमध्ये मी पलंगावर आडवा झालो तेव्हा माझी पावलं बाहेर लोंबकळत होती, आणि मी काही उंच नाही. जुन्या घराच्या विक्रीत तेवढाही धाक नाही. तिथे एखाद्या काकांच्या हट्टावरच सगळं अवलंबून.

ब्रोकर म्हणतो, त्या फोटोमुळे फोन कमी येतात. काका म्हणतात, येणारे थांबतात. आधी जे यायचे त्यांचा चेहरा मागच्या खोलीच्या दारातच पडायचा. दोघांवरही किती विश्वास ठेवायचा कळत नाही. एकाला घर लवकर विकायचंय, दुसऱ्याला आपलं गणित खरं ठरवायचंय. आणि माझं विचाराल तर ब्रोकर वर्षभर काम देतो, काका आयुष्यात एकदाच घर विकणार. त्यानंतरच्या एका ठाण्याच्या कामात मी समोरून फ्रेम लावून दाखवली. मालकीणबाई म्हणाल्या, "छान आहे हो, पण खोली लहान का वाटतेय?" खोली लहानच होती. मी पुन्हा कोपऱ्यात गेलो.

एक भानगड काकांच्या पद्धतीतही सुटलेली नाही. बाथरूम चार बाय सात. तिथे दारात उभं राहून २४ने नळ आणि अर्धी भिंत येते, १६ला पर्याय नाही, आणि १६ने कमोड घसरगुंडीएवढा लांब होतो. त्या दिवशी काकांनी कुरकुरत तो फोटो चालवून घेतला होता. परवा दुपारी त्यांचा फोन आला. हॅलो वगैरे काही नाही.

"बादली ठेवायची. समोरच्या भिंतीला टेकवून. बादली सगळ्यांना माहीत असते."

मी म्हटलं, "काका, बादल्या सोळाच्या असतात, विसाच्या असतात, पंचवीसच्याही असतात."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग खाली लिटर लिहा."