सत्तावीस मोहरा आणि खुर्दा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील. मी मराठीच्या तासाला शिकलेल्या एकाच पाठाबद्दल लिहितो: शब्दशक्ती, म्हणजे शब्द अर्थ कसकसा देतो ते. पुढे भाषेचं तत्त्वज्ञान शिकवण्यात वर्षं गेली, पण उदाहरण अजून त्याच तासातलं घेतो.

‘दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही.’ १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर सावकारी पत्रातला हा मजकूर नर्मदा ओलांडून आलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडला. मोत्ये म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, हे सगळ्यांना पाठ असतं. ते कळतं कशावरून, हे कुणी विचारत नाही.

शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने तिला तीन अटी घातल्या: मुख्यार्थाला, म्हणजे सरळ अर्थाला, बाध (तो अर्थ न जुळणं), त्या अर्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन (तसं बोलण्याचा हेतू). इथे पहिलीच अट अडते. ‘आगीने झाडं शिंपली’ म्हटलं की योग्यता नाही, म्हणजे शब्दांचे अर्थ एकमेकांशी जुळत नाहीत, हे वाक्यातच दिसतं. सावकाराच्या मोहरा मात्र खरोखर हरवू शकतात. वाटेत शत्रूने पत्र फोडलं तरी त्याला व्यापारातली खोटच दिसावी. मग बाध कुठे? माझ्या मते खुर्द्यात, म्हणजे सुट्या नाण्यांत. पै-पैची नोंद ठेवणारा सावकार ‘गणती नाही’ असं लिहीलच कसा? भाषेचा तत्त्वज्ञ पॉल ग्राइस याने १९६७ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत हेच मांडलं: बोलणाऱ्याने हवी तेवढी माहिती द्यावी हा संकेत, तो उघड मोडला की ऐकणारा दुसरा अर्थ शोधू लागतो.

आता खऱ्याखोट्याचं. एकही मोती गळाला नव्हता, तरी पत्र खोटं नाही. सरदार वीसच पडले असते तर मात्र आकडा खोटा ठरला असता. म्हणजे कसोटी लागते ती लक्ष्यार्थाला, लक्षणेने मिळालेल्या अर्थाला. व्यंजनेत, म्हणजे सरळ अर्थ कायम राहून आणखी काही सुचतं तिथे, उलट: कसोटी सरळ अर्थाला. ‘साडेदहा झाले’ या वाक्यातून ‘पाय उचल, घंटा होईल’ हे सुचतं, पण घड्याळात दहाच वाजले असतील तर वाक्य खोटंच. उत्तरपत्रिकेत मुलं नेमकी इथे घसरतात. दुसरा अर्थ दिसला की लक्षणा लिहून मोकळी होतात.

ओळखायची आणखी एक खूण आहे. पुढे ‘पण’ जोडून बघा. ‘साडेदहा झाले, पण घाई नको, आज शाळा उशिरा आहे’ हे चालतं. सुचलेला अर्थ मागे घेतला तरी वाक्य शाबूत राहतं. ‘सत्तावीस मोहरा हरवल्या, पण सरदार सगळे सुखरूप आहेत’ असं लिहिलं असतं, तर त्या पत्रात उरल्या असत्या फक्त मोहरा.