तुम्ही विचारलेत म्हणून : ठिपक्यांच्या अक्षरांतली मराठी

पोस्टर, मुखपृष्ठ किंवा नाटकाची जाहिरात यांसाठी ठिपक्यांचे अक्षर वापरायचे ठरले, की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : इंग्रजी शब्द या वळणात इतका नेटका दिसतो, मग शेजारचा मराठी शब्द गिचमिड का दिसतो? देवनागरीला हे वळण मानवतच नाही का? मानवते, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी देवनागरीला तिची स्वतःची जाळी, म्हणजे ठिपके बसवण्याची आडव्या-उभ्या ओळींची चौकट, द्यावी लागते, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा दिली जात नाही.

रोमन लिपीची रूढ जाळी ५ स्तंभ आणि ७ ओळींची असते, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला ३५ ठिपके येतात. शाईच्या फितीवर सुया आपटून छापणाऱ्या जुन्या प्रिंटरांच्या डोक्यात ९ सुया एकाखाली एक असत. ७ सुयांत मुख्य अक्षर उभे राही आणि खालच्या दोन सुया ‘जी’, ‘पी’, ‘वाय’ यांच्या लहान लिपीतील शेपट्यांना पुरत. देवनागरीचा संसार एवढ्यात मावत नाही. ‘कुर्ला’ हे स्थानकाचे नाव घ्या : खाली उकार, वर रफार, मध्ये शिरोरेषा, आणि मराठी वळणाच्या ‘ल’च्या दोन पाकळ्या. माझ्या हिशेबाने शिरोरेषेला १ ओळ, अक्षराच्या अंगाला ७, वरच्या चिन्हांना ३ आणि खालच्या चिन्हांना ३, अशा निदान १४ ओळी लागतात, आणि वर-खाली थोडी मोकळी जागा सोडली की त्या १६ होतात. हीच अक्षरे कमी उंचीत कोंबली, की ‘भायखळा’मधल्या ‘भ’च्या माथ्यावरची फट बुजून त्याचा ‘म’ होतो आणि ‘ख’ फुटून ‘र’ आणि ‘व’ वेगळे वाचले जातात.

अनुस्वाराची अडचण तर खास या वळणाचीच आहे. एरवी रेषांच्या अक्षरावर तो एकटा बिंदू म्हणून उठून दिसतो, परंतु सगळे अक्षरच बिंदूंचे असते तेव्हा तो गर्दीत हरवतो. ‘मुलुंड’ लिहिताना मी अनुस्वार चार ठिपक्यांचा करतो आणि त्याच्या व शिरोरेषेच्या मध्ये एक ओळ रिकामी ठेवतो. एवढ्या एका ओळीने शब्द लांबून वाचता येतो, म्हणून ती वाचवण्यासाठी मी ग्राहकाशी वाद घालायलाही तयार असतो.

कॅलिफोर्नियात अक्षररचनाकार झुझाना लिचको यांनी १९८५ साली मॅकिंटॉश संगणकावर ओकलंड, एम्परर आणि एमिग्रे हे फाँट रचले, ते चौकोनी पिक्सेलांचे होते. पण त्यांतून शिकण्याजोगी गोष्ट आपल्याही कामाची आहे. त्यांनी छापखान्यातले तयार अक्षर लहान करून जाळीत बसवले नाही, तर जाळीच्या प्रत्येक उंचीसाठी अक्षर नव्याने रचले. आपल्याकडे मात्र पुष्कळदा एखाद्या रेषेच्या फाँटवर ठिपक्यांची चाळणी ठेवली जाते, आणि वेलांटीचा बाक जिथे ठिपक्यांच्या अधेमध्ये पडतो तिथे अर्धवट कापलेले ठिपके उरतात. असे अक्षर मी वापरत नाही.

छपाईचेही भान ठेवावे लागते. दोन ठिपक्यांच्या केंद्रांमधल्या अंतराच्या साधारण तीन-चतुर्थांश व्यास मला योग्य वाटतो. त्याहून मोठा घेतला तर वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरून ठिपके एकमेकांना चिकटतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर असेल तर उलट घडते, शाई ठिपका खाते, म्हणून तो थोडा वाढवावा लागतो.

या वळणात सलग मजकूर मी कधीच लावत नाही. मुंबईकर ही अक्षरे फलाटावर इंडिकेटरखाली उभा राहून वाचायला शिकला आहे; कुठली गाडी, किती वाजता, धीमी की जलद, एवढेच तो त्यांत शोधतो. म्हणून प्रयोगाची वेळ, तारीख, नाट्यगृहाचे नाव अशा थोडक्या, नेमक्या माहितीला ती शोभतात. पुराणकथेच्या मुखपृष्ठावर केवळ सध्या चलती आहे म्हणून ती घालणे मला पटत नाही.

शेवटी एक तांत्रिक बाब, कारण प्रश्नातल्या ‘गिचमिड’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा तिथेच सापडते. रोमन अक्षरांमध्ये एक स्तंभ रिकामा सोडला की काम भागते. देवनागरीत त्या रिकाम्या स्तंभातूनही शिरोरेषेचा एक ठिपका गेला पाहिजे, नाहीतर शब्द तुटतो. आणि अक्षरांमधले अंतर पूर्ण ठिपक्यांच्या मापानेच मोजले गेले पाहिजे. संगणकावर ते सहज म्हणून किंचित कमी-जास्त केले, तर प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेचे दोन ठिपके एकमेकांवर चढतात किंवा मध्ये खाच पडते. तेव्हा अंतराचा आकडा शून्यावर ठेवा, शब्द जागेत मावत नसेल तर अक्षराचा आकार बदला, आणि मग पुन्हा एकदा इंग्रजीच्या शेजारी ठेवून पाहा.