नेपल्सचा एक दिवस आणि तेरची बाहुली

क्रूझचं बुकिंग झालं तेव्हा घरात सगळ्यात आधी अण्णांनी विचारलं, "नेपल्सला थांबतंय का जहाज?" रोमचं नाही, बार्सिलोनाचं नाही, डायरेक्ट नेपल्स. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय 76, जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि दरवर्षी सातवीच्या पोरांना एसटीनं धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला न्यायचे. गोरोबा काकांचं दर्शन झालं की सगळी वरात लामतुरे संग्रहालयात. तिथली हस्तिदंताची बाहुली दाखवून सांगायचे, पोरांनो, हिची बहीण इटलीत आहे.

तर ती बहीण बघायचीय. नेपल्सजवळच्या पॉम्पेई या जुन्या रोमन गावाच्या खोदकामात 1938 साली एका घरात सापडली, उंची जेमतेम 25 सेंटिमीटर, म्हणजे वितीपेक्षा थोडी जास्त. दोन्ही बाजूला दोन छोट्या दासी, हातभर बांगड्या, पायात जाड वाळे, कमरेला मेखला. डोक्यातून खाली भोक पाडलंय, म्हणून काही जण म्हणतात आरशाची मूठ असावी, काही म्हणतात एखाद्या सामानाचा पाय असावा. व्हेसुव्हियस ज्वालामुखी इसवी सन 79 मध्ये फुटला आणि सगळं गाव राखेखाली गेलं, म्हणजे ही त्याच्या आधीच तिथं पोचलेली. पेरिप्लस नावाच्या जुन्या ग्रीक पुस्तकात लिहिलंय की तगरहून, म्हणजे आपल्या तेरहून, कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जायचं, पैठण तर त्यात आहेच. रस्ते धड नव्हते तरी माल जायचा. असल्याच एखाद्या मालाबरोबर ही बाई गेली असणार असं मला तरी मनापासून वाटतं.

आता प्लॅन. जहाज सकाळी 7 ला लागणार, संध्याकाळी 6 ला निघणार, साडेपाचच्या आत सगळे जहाजावर पाहिजेत. आम्ही आमच्यापुरती वेळ साडेचारच धरलीय, कारण जहाज स्वतःच्या टूरवाल्यांसाठी थांबतं, आपल्या हिशोबानं फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही, आणि अण्णांचे गुडघे बघता शेवटी पळापळ नको.

ह्यांचं म्हणणं होतं की आधी लांबचं करावं, म्हणजे पॉम्पेई, आणि जवळचं नंतर. बंदराच्या गावात फिरायचा हा नियम बरोबरच आहे, परत येताना ट्रेन लेट झाली तर निदान हाताशी वेळ असतो. पण मी अडून बसले. बाहुली पॉम्पेईत नाहीच, ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तिथल्या 'गुप्त दालनात', आणि आपण जातोय कशासाठी? तिच्यासाठी. पॉम्पेईच्या उन्हात दमून मग तिच्यापुढं उभं राहायचं का? अण्णा काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत बसले, त्यातच कळलं.

म्हणून आधी संग्रहालय. ते मंगळवारी बंद असतं, आमचा दिवस बुधवारचा निघाला तेव्हा मी खरंच देवाला हात जोडले, तुम्ही जाणार असाल तर तारीख पक्की करायच्या आधी वार बघा. जहाज जिथं लागतं तिथून समोरच मोठा किल्ला दिसतो, कास्टेल नुओवो, त्याच्या जवळच म्युनिसिपिओ मेट्रो स्टेशन. लाईन 1 पकडायची, टोलेडो, दान्ते आणि मग म्युझिओ, तिसऱ्या स्टेशनला उतरलं की आलंच. 9 ला दार उघडतं, आपण दारातच पाहिजे, आणि आत गेल्या गेल्या गुप्त दालन उघडं आहे का ते विचारायचं, बाकीचं मग.

साडेअकराला बाहेर पडलो आणि अण्णांना दम असला तरच पॉम्पेई. त्याच लाईन 1 नं गारिबाल्डीला, तिथून सर्कमवेसुव्हियाना नावाची लोकल, पॉम्पेई स्काव्ही स्टेशन, साधारण 40 मिनिटं. गर्दी असते, पाकीटमारही असतात, त्यामुळं पैसे-पासपोर्ट कमरेच्या पाऊचमध्ये. पॉम्पेईत आता दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा तिकीट आधीच काढणार, वाया गेलं तर गेलं. रस्ते मोठाल्या दगडांचे, अजून गाड्यांच्या चाकोऱ्या दिसतात म्हणे, अण्णांसाठी काठी आणि नीट सोलचे बूट. सगळं गाव बघायचा हट्ट नाही. फक्त एक घर, ती सापडली त्या घराला 'भारतीय मूर्तीचं घर' असंच नाव पडलंय. अडीचच्या आत परतीची ट्रेन, मग काहीही होवो.

खायचं टेन्शन नाही, पिझ्झाचंच गाव आहे, मार्घेरिटा कुठंही मिळतो, सोबत शेंगदाण्याची चटणी असतेच.

एक भांडण मात्र अजून मिटलं नाही. माझं माहेर भोकरदनकडचं, जुनं भोगवर्धन, तिथल्या खोदकामातही अशीच हस्तिदंताची बाई निघालीय, त्यामुळं नेपल्सची ती नेमकी घडवली कुठं यावर जाणकारांचंही एकमत नाही. अण्णा म्हणतात तेरची, मी म्हणते भोकरदनची. मागच्या रविवारी ते परत तेरला जाऊन आले, वहीत दागिन्यांची चित्रं काढून आणली, बांगड्या, वाळे, केसांचा अंबाडा, सगळं पेन्सिलीनं. समोरचं पान कोरं ठेवलंय. ते तिथं भरायचंय म्हणाले, आणि भिंग घेतलं का ते मला रोज विचारायलेत.