फर्मा दिला होता

आमच्या हॉलमधल्या टीपॉयला नवी काच बसून आता तीन आठवडे झाले, तरी त्या दुकानावरून जाताना मला अजून संताप येतो. म्हणून जे घडलं ते लिहून ठेवतोय. कुणाला अशी काच करून घ्यायची असेल तर त्याचे तीन महिने तरी वाचतील.

टीपॉय बाबांनी 1968 साली इथल्या, बेळगावातल्या शहापूरच्या एका मेस्त्रीकडून करून घेतला. त्यांच्या साहेबांच्या कॅम्पातल्या बंगल्यावर एक अमेरिकन मासिक येत असे, त्यातल्या चित्रावरून. खाली वळणदार लाकडाचे दोन तुकडे, दोन्ही अगदी सारखे, फक्त एक उलटा करून दुसऱ्याला जोडलेला. मध्ये एकच खुंटी. वर कोपरे गोलावलेली तिकोनी काच, कशालाच न जोडता नुसती वजनानं टेकलेली. हे डिझाइन इसामू नोगुची या शिल्पकाराचं आणि हर्मन मिलर कंपनीनं ते 1947 साली बाजारात आणलं, हे मला फार उशिरा कळलं. मुळात अक्रोडाचं लाकूड आणि बरीच जाड काच. आमच्याकडे सागवान, आणि काच 12 मिलीमीटर, म्हणजे चार सूत. मूळच्याहून लहानही आहे, पण बाबांचा सकाळचा चहा आणि ‘तरुण भारत’ गेली पन्नासएक वर्षं याच टीपॉयवर.

मागच्या वर्षीच्या चतुर्थीला गडबडीत कुणीतरी वाफेचं मोदकपात्र थेट काचेवर ठेवलं. ‘टक्’ असा आवाज आला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चीर गेली. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चिरेवर टेप लावला.

लाकडाचं काम मे महिन्यात झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. खुंटी सैल झाली होती. मेस्त्रींनी गरम पाण्यानं जुना सरस मऊ करून ती काढली, नवी बसवली आणि चपडीचं पॉलिश मारलं. एकच सांगतो, चपडीचं पॉलिश मिरगाच्या आत उरकून घ्या. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते पांढरट पडतं.

आता काच. टफन्ड घ्यायची हे ठरलेलं होतं, घरात नातवंडं आहेत. साधी काच फुटली की सुऱ्यासारखे तुकडे होतात, टफन्डचा बारीक बोथट चुरा होतो. बेळगावातल्या एका दुकानात गेलो. ते काच बाहेरगावच्या भट्टीतून करून आणतात, आठवड्यातून एकदा गाडी येते. मी जुनी काच हार्डबोर्डवर ठेवून, पेन्सिलीनं कडेनं रेघ ओढून, करवतीनं नीट कापलेला फर्मा बरोबर नेला होता. काउंटरवरच्या मुलानं टेप काढून लांबी-रुंदी मोजली आणि फर्मा मागे भिंतीला टेकवून ठेवला. पावती कन्नडमध्ये लिहिली. मला कन्नड वाचता येतं, पण त्या दिवशी मी नुसता आकडा बघितला आणि पावती खिशात घातली. तिथंच चुकलं. पावतीवर होतं ‘अळते प्रकार, 42 × 30, शेप’. अळते म्हणजे माप. फर्म्याचा उल्लेखच नव्हता.

आठ दिवस सांगितले होते. आठव्या दिवशी गेलो, ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. उद्या गेलो, परत ‘नाळे बर्री’. धो धो पावसात छत्री घेऊन मी किती वेळा त्या काउंटरपुढं उभा राहिलो असेन! गाडी आली नाही, गाडी आली पण आपली काच नाही, मालक जेवायला गेलेत. पाच आठवड्यांनी काच आली. धार सुंदर, पेन्सिल पॉलिश, म्हणजे गोलसर घासलेली कड, अगदी गुळगुळीत. घरी आणून लाकडावर ठेवली तर एक कोपरा दोन इंच फुगलेला, आणि दुसऱ्या बाजूनं लाकडाचं टोक काचेबाहेर आलेलं. भट्टीवाल्यांनी लांबी-रुंदी घेऊन मधली वळणं आपल्या मनानं काढली होती. फर्मा बेळगावातून हललाच नव्हता.

मालक म्हणाले, “काका, थोडं उन्नीस-बीस होतंयच की. बसतंय बघा.” मी म्हणालो, तो कोपरा तासून द्या. तेव्हा समजलं की टफन्ड काच तासताच येत नाही. 600 अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोतानं ती एकदम गार करतात. बाहेरचा थर आवळला जातो, आतला ताणात राहतो, आणि त्यामुळंच ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. पण मग तिला कापायला, घासायला किंवा भोक पाडायला गेलात की सगळीच फुटते. जे काही कापायचं, घासायचं, ते भट्टीच्या आधी. हे मला ऑर्डर घेताना कुणी का सांगितलं नाही?

पुढचे पंधरा दिवस नुसता वाद. “पावतीवर फर्मा कुठं लिहिलाय?” हा त्यांचा एकच प्रश्न. “फर्मा दिला होता, तुमच्या मागे भिंतीला आहे तो काय?” हा माझा. शेवटी माझ्या मुलानं पहिल्या दिवशी गंमत म्हणून फोनवर काढलेला फोटो सापडला: काउंटर, त्यावर फर्मा, शेजारी टेप धरलेला तो पोरगा. मालकांनी फोटो बघितला, थोडा वेळ गप्प राहिले, आणि “करून देतो” म्हणाले. दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, हे खरं, आणि तेही सांगायला हवं.

दुसरी काच भट्टीतच फुटली. असं होतं म्हणतात, आणि ते मी मान्य केलं. पण चतुर्थी आली ती प्लायवूडवर टेबलक्लॉथ टाकून. येणारा प्रत्येक जण विचारायचा, आणि दर वेळी बाबा माझ्याकडं बघायचे.

तिसरी काच अनंत चतुर्दशीनंतर आली. या वेळी फर्मा भट्टीपर्यंत गेला होता. त्यावर मी मार्करनं ‘वरची बाजू’ लिहून सही केली होती, आणि मालकांकडून पावतीवर ‘मादरी प्रकार’, म्हणजे नमुन्याप्रमाणे, असं लिहून घेतलं होतं. काच ताब्यात घेताना फर्मा वर ठेवून चारी बाजूंनी बोट फिरवून बघा, गाडीवाला कितीही घाई करू दे. एक लिहायचं राहिलं: टफन्ड काचेच्या कोपऱ्यात एक ठसा असतो. तो कुठल्या कोपऱ्यात हवा ते आधीच सांगा. आमचा नेमका बाबांच्या खुर्चीसमोर आलाय. आणि काच साधारण अठरा किलोची भरली, दोघांशिवाय उचलू नका. लाकूड आणि काच यांच्या मध्ये पारदर्शक रबरी बटणं लावायला विसरू नका, नाहीतर पॉलिश खरवडतं.

काच बसवली त्या संध्याकाळी बाबांनी खाली वाकून काचेतून लाकडाचं वळण बघितलं, खुंटीवरून बोट फिरवलं. मग कप ठेवायच्या आधी सुनेला म्हणाले, “खाली बशी दे गं.”

फर्मा मी दुकानातून परत आणलाय. कपाटामागं उभा करून ठेवलाय.