कॅनवर लिंबू, आत जव

जळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना सीलिअॅकचे पेशंट मोजकेच येतात, पण येतात ते जाडजूड फाईल घेऊन. सीलिअॅक म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. हा मुलगा चोपड्याकडचा, नोकरीला अमेरिकेत. सुट्टीवर आला तशी आईने त्याला माझ्याकडे आणला. गहू बंद करून वर्ष उलटलं होतं, तरी टीटीजीचा, म्हणजे या आजाराच्या रक्ततपासणीचा, आकडा वरच आणि पोट बिघडलेलंच.

या आजारात खानदेशी माणसाचं तसं बरं चालतं. कळण्याची भाकरी, बाजरी, भरीत, केळी. दालबट्टी सोडली की फार काही सुटत नाही. "घरमा गहूना दाणाबी येवू देस नही," आई म्हणाली. मुलगा तिकडे स्वतः भाकऱ्या थापतो, पीठ इथून जातं. मी नेहमीचे चोर तपासले. हिंग आधी, कारण बांधानी हिंगात मैदा असतो. मग सोया सॉस, मग गिरणी. दळण घरघंटीवरचं निघालं. सगळं चोख.

मग आईला पावती करायला बाहेर पाठवलं. असे प्रश्न आईसमोर विचारून खरं उत्तर मिळत नाही.

"बिअर तर कधीच सोडली, मॅडम. जवाची असते ना. फक्त ते फ्लेवरवालं, कॅनमधलं. लिंबाचं."

फोनमध्ये पार्टीचे फोटो होतेच. एकात कॅनची मागची बाजू दिसत होती. मोठं करून पाहिलं तर बारीक अक्षरांत 'मॉल्ट बेव्हरेज'. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक वेळा जवच. बिअर सोडून हा पठ्ठ्या दर शनिवारी लिंबाच्या वासाची बिअरच पीत होता!

अमेरिकेत असं पेय मॉल्टपासून करण्यामागे चवीपेक्षा हिशेब जास्त. मॉल्टचं पेय बिअरमध्ये गणलं जातं, कर कमी बसतो आणि बऱ्याच राज्यांत ते किराणा दुकानातही विकता येतं. व्होडका घातली की ते स्पिरिट ठरतं. म्हणून तर स्मरनॉफ आइस ब्रिटनमध्ये व्होडकाचं आणि अमेरिकेत मॉल्टचं.

बऱ्याच हार्ड सेल्ट्झरमध्ये, म्हणजे दारू असलेल्या फ्लेवरच्या सोड्यात, उसाची साखर यीस्टने आंबवलेली असते. त्यात मॉल्ट नसेल तर ग्लुटेनचा प्रश्न नाही. व्होडका किंवा रम घातलेलंही चालतं, व्होडका गव्हाची असली तरी. ग्लुटेन हे प्रथिन, दारू गाळताना ते वाफेबरोबर वर चढत नाही. फक्त नंतर घातलेला फ्लेवर तपासायचा. द्राक्षाच्या वाइनवर बेतलेलं असेल तेही तसंच. आंबवलेल्या मॉल्टचं मात्र कठीण आहे. ग्लुटेनचे तुकडे होतात आणि नेहमीच्या चाचणीला ते नीट मोजता येत नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, 2020 च्या नियमात आंबवलेल्या पदार्थांसाठी आंबवण्याआधीचा कच्चा माल ग्लुटेनमुक्त असल्याचा पुरावा मागितला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "मग आपली सातपुड्याची मोहाची?"

मोह फुलांचा, वर गाळलेली; ग्लुटेनच्या बाजूने तिच्यावर आक्षेप नाही. तसं सांगितलं. हातभट्टीच्या बाजूने भरपूर आहेत, तेही सांगितले, आणि यकृताचा विषय वेगळा काढला.

आई पावती घेऊन आत आली. "काय निघनं?"

"जव," मी म्हटलं. कुठून आला ते मुलाने सांगावं म्हणून त्याच्याकडे पाहिलं.