हिवाळ्यातलं लंडन, आई-बाबा आणि तिसरी खिडकी

आई-बाबांना हिवाळ्यात लंडनला बोलावू नकोस, असं मला चार जणांनी बजावलं होतं. पण बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात ठरलेलं, माझी सुट्टी डिसेंबरसाठी साठवलेली आणि आईला नाताळची रोषणाई बघायची होती. म्हणून २०२४ च्या डिसेंबरात दोघं साताऱ्याहून आले आणि पाच आठवडे राहिले. व्हिसा, विमान, हीथ्रोवर मागितलेली व्हीलचेअर, एलिझाबेथ लाइन या रेल्वेने घरापर्यंतचा प्रवास, हे सगळं सुरळीत झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जे सुरळीत झालं नाही ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी उजेडाचा हिशेब. डिसेंबरच्या मध्यात इथे सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. आईची आंघोळ, पूजा, चहा, नाश्ता, दोघांच्या गोळ्या, मग थर्मल, स्वेटर, कोट, कानटोपी. हे उरकून आम्ही घराबाहेर पडायचो तोवर साडेअकरा वाजलेले असायचे. हातात राहायचा चार तासांचा उजेड. मी मात्र पहिल्या आठवड्यात रोज दोन-दोन ठिकाणं ठरवत होते. तिथेच माझं चुकलं. दिवसाला एकच ठिकाण ठरवा आणि तेही आतलं, गरम असलेलं.

आता तो शनिवार. लंडनमध्ये उंचावरून शहर बघायच्या बऱ्याच जागा आहेत. त्यातल्या एकीची तिकिटं मी महिनाभर आधी काढली होती. जागेचं नाव लिहीत नाही. वेळ मुद्दाम सव्वातीनची घेतली. सूर्यास्त तीन एक्कावन्नला, म्हणजे वर पोचल्यावर थोडा उजेड, मग मावळतीचे रंग, मग खाली पेटलेले दिवे, असं सगळं एकाच तिकिटात दिसलं असतं. आई-बाबांसाठी ज्येष्ठ नागरिकांची सवलत घेतली. तीन तिकिटांचे सत्तर पौंडांहून जास्त झाले. बाबांना तो आकडा मी सांगितला नाही, नाहीतर ते लगेच रुपयांत मांडतात आणि घरीच बसतात.

ज्या स्टेशनवर उतरायचं होतं तिथे लिफ्ट आहे, हे मी सकाळी बघून ठेवलं होतं. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या २७२ स्टेशनांपैकी जेमतेम एक तृतीयांश स्टेशनांवर पायऱ्या न चढता बाहेर पडता येतं, त्यामुळे सगळी आखणी त्या लिफ्टवरच बेतलेली होती. उतरलो, तर लिफ्टपुढे पिवळा फलक. बंद. बाबा म्हणाले, "चढतो की हळूहळू." मी वर नजर टाकली, चाळीसेक पायऱ्या असतील. मीच नको म्हणाले. तिथल्या माणसाने पुढच्या स्टेशनला जाऊन बसने परत यायला सांगितलं. सल्ला बरोबरच होता, पण आम्ही दारात पोचलो तेव्हा तीन छत्तीस झाले होते.

पहिल्या खिडकीतल्या मुलाने माझा फोन यंत्राखाली धरला. लाल दिवा लागला. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर चालतो, त्यापुढे नाही. वेळ बदलून हवी असेल तर दुसरी खिडकी. दुसरी खिडकी इमारतीच्या बाहेर होती आणि तिच्यासमोर तीसेक माणसांची रांग. तापमान तीन अंश, वर दोन इमारतींच्या फटीतून येणारा वारा. एरवी आई तीन अंशांत माझ्याबरोबर अर्धा तास हसत चालली होती. चालताना ही थंडी फारशी वाजत नाही, एका जागी उभं राहिलं की ती बुटाच्या तळव्यातून वर चढते. इथे येणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांच्या मुलांना मला हेच सांगायचं आहे: अंतर मोजू नका, रांग मोजा.

वीस मिनिटांनी नंबर लागला. तिथली बाई म्हणाली, पाचची वेळ मिळेल, पण सवलतीच्या तिकिटांसाठी मूळ ओळखपत्र दाखवा. आणि दोघांचे पासपोर्ट घरी, कपाटात होते. मीच ठेवायला लावले होते, गर्दीत खिसा कापला गेला तर काय, म्हणून. फोनमधला पासपोर्टचा फोटो दाखवला. चालत नाही. बाबांचं आधार कार्ड पाकिटात होतं, ते पुढे केलं. त्यावर पूर्ण जन्मतारीख आहे, अक्षरं इंग्रजीतही आहेत. ते तिच्या यादीत नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस हातात काठी घेऊन समोर उभा आहे, तो साठीच्या आतला वाटतो का, असं मी विचारलं. ती म्हणाली, मला दिसतंय, पण सिस्टिम घेत नाही. मग पूर्ण दराचा फरक भरते म्हटलं. फरक तिसऱ्या खिडकीत.

तिसऱ्या खिडकीत पाटी होती, पंधरा मिनिटांत परत येतो. पाटीवर वेळ लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती पंधरा मिनिटं कधी सुरू झाली ते कळायला मार्ग नव्हता. बाबा झाडांच्या कुंडीच्या दगडी कठड्यावर बसले. दगड बर्फासारखा गार. मी माझी शाल घडी करून त्यांच्याखाली सरकवली. आईची बोटं हातमोज्यांतही वळत नव्हती आणि तिला बाथरूमला जायचं होतं. स्वच्छतागृह आत, तिकीट तपासणीच्या पलीकडे. ते ती मला सांगेना, नुसती या पायावरून त्या पायावर होत राहिली. माझ्या लक्षात आल्यावर मी दारावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. त्याने एक शब्द न बोलता दोरी उचलली आणि आईला स्वतः आतपर्यंत सोडून आला. त्या संध्याकाळी नियम सोडून माणसाकडे बघितलं ते त्याने एकट्याने.

एव्हाना सूर्य मावळून गेला होता. आम्हाला तो दिसलाही नाही, आभाळ राखाडीचं काळं झालं एवढंच.

तिसऱ्या खिडकीतला माणूस आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ऑनलाइन काढलेल्या तिकिटांवरचा फरक इथे घेता येत नाही, ते काम दुसऱ्या खिडकीचं. पुन्हा ती रांग. पुन्हा नंबर लागला तोवर पाचची वेळ भरली होती. मग मी आवाज चढवला. चढवायला नको होता असं मला अजूनही वाटत नाही. एक पर्यवेक्षक आला, त्याने माफी मागितली आणि पैसे परत मिळवायचा फॉर्म कुठे भरायचा ते कागदावर लिहून दिलं. एक तास वीस मिनिटं आम्ही बाहेर होतो.

बाबा म्हणाले, "चल, घरी जाऊ. खालून दिसली ना बिल्डिंग, तेवढी पुरे." ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते मला समजावत होते, याचंच मला फार वाईट वाटलं. घरी येऊन आईने दोघांच्या पायांना कोमट तेल लावलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

फॉर्मचंही सांगून टाकते. कारण निवडायला सहा पर्याय होते, त्यात 'प्रवासातला अडथळा' नव्हता. 'इतर' निवडलं की अडीचशे अक्षरांत कारण लिहायचं. मी तीनदा खोडून लिहिलं. लिफ्टच्या फलकाचा फोटो जोडला. तो मी काढला होता कारण बाबांना चिडवायचं होतं, पुढे कामाला येईल म्हणून नाही. तुम्ही मात्र असा फोटो काढाच, वेळेसकट. उत्तर फेब्रुवारीत आलं: पैसे मिळणार नाहीत, ३१ मार्चपर्यंत वापरता येतील अशी तीन कूपनं मिळतील. आई-बाबा ११ जानेवारीलाच साताऱ्याला परतले होते. मी पुन्हा लिहिलं आहे.

त्या शनिवारनंतर मी सगळी आखणी बदलली. भुयारी रेल्वे जवळजवळ सोडली आणि बस धरली. लंडनच्या सगळ्या बसना रॅम्प असतो, फुटपाथवरून सरळ आत पाऊल टाकता येतं, आणि एकदा १.७५ पौंड भरले की तासाभरात कितीही बस बदला. दिवसभरात कितीही फिरलात तरी बसचे ५.२५ पौंडांहून जास्त कापले जात नाहीत. (हे दर आम्ही फिरलो तेव्हाचे.) पैसे भरायला प्रत्येकाचं कार्ड मात्र वेगळं हवं. ज्येष्ठांचा मोफत पास पाहुण्यांना मिळत नाही, तो इथल्या रहिवाशांसाठीच आहे. त्यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली, तुम्ही घालवू नका.

सोमवारी संध्याकाळी आम्ही वॉटरलूला गेलो आणि १३९ नंबरच्या बसमध्ये बसलो. ती तिथूनच सुटते, त्यामुळे बस उभी असतानाच बाबा कठड्याला धरून सावकाश वरच्या मजल्यावर चढले. पुढची काचेलगतची जागा मिळाली. थेम्सवरचा पूल, ट्रफाल्गर चौक, पिकॅडिली सर्कस, मग रीजंट स्ट्रीट. रस्त्यावर पंख पसरलेल्या दिव्यांच्या पऱ्या टांगलेल्या असतात आणि वरच्या मजल्यावरून त्या अगदी समोर येतात. आई प्रत्येक परीला "ही बघ, ही बघ" म्हणत होती. ट्रफाल्गर चौकातलं नाताळचं झाड नॉर्वेचं ओस्लो शहर १९४७ पासून दर वर्षी भेट पाठवतं, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या मदतीची आठवण म्हणून, हे सांगितल्यावर बाबांनी मान मागे वळवून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. आम्ही गरम बसमध्ये बसलेलो होतो, पुढे कुठली रांग नव्हती.

टॉवर ऑफ लंडनला मात्र दगडी फरशी आणि पायऱ्या आहेत, तिथे सकाळी पहिल्या वेळेलाच जा. कोहिनूर दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईच्या मुकुटात आहे आणि मुकुटांच्या समोरून सरकत्या पट्ट्यावर उभं राहून जायचं असतं. पट्टा संपला की आई पुन्हा मागे जाऊन चढली. तीन वेळा. कुणी हरकत घेतली नाही.

मोठी संग्रहालयं फुकट, उबदार, बाकं असलेली आणि उत्तम स्वच्छतागृहं असलेली, म्हणून हिवाळ्यात ती सगळ्यात आधी. ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, दोन्हीकडे व्हीलचेअर मागितली तर विनामूल्य मिळते. बाबा आधी नको म्हणाले, अर्ध्या तासाने स्वतःच बसले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला त्यांना एका कारणासाठी जायचं होतं. शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं तिथे होती आणि जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, पहिल्यांदा साताऱ्याच्याच संग्रहालयात. बाबांनी ती तिथे रांगेत उभं राहून पाहिली होती. साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफबरोबर ती या देशात आली. "आपल्या गावातनं गेलेली वस्तू ठेवली होती कुठं, ते बघायचंय," एवढंच त्यांचं म्हणणं. दक्षिण आशियाच्या दालनात टिपू सुलतानाचा लाकडी वाघ बघून झाल्यावर ते बराच वेळ काचेच्या कपाटांमधून फिरत राहिले. मी घाई केली नाही.

आणि किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते, घर आता महाराष्ट्र सरकारचं आहे. निळी गोल पाटी रस्त्यावरूनही वाचता येते. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. थंडीत काढू नका असं मी म्हणाले, तर ऐकलं नाही. तिथून प्रिमरोझ हिल जवळच आहे. चढ अंगावर येणारा नाही, वाट पक्की आहे, मध्ये बाकं आहेत. आम्ही चार ठिकाणी थांबत वर गेलो. "याला इथं हिल म्हणतात होय?" अजिंक्यतारा रोज बघणारे बाबा म्हणाले. पण वर पोचल्यावर समोर सेंट पॉल चर्चचा घुमट, शार्डची उंच इमारत, लंडन आयचा मोठा पाळणा, सगळं शहर एका ओळीत उभं होतं. तीन वाजले होते, ऊन तिरपं पडलं होतं. आईने थर्मासमधला चहा ओतला आणि दशमी काढली. बाबा बाकावर बसून इमारती मोजत होते. तिकीट नव्हतं, वेळ संपली म्हणून उठवणारं कोणी नव्हतं. सूर्य मावळेपर्यंत आम्ही बसलो.

हो, दोन गोष्टी राहिल्या. पंचवीस डिसेंबरला लंडनमध्ये बस, भुयारी रेल्वे, काहीही चालत नाही, तेव्हा त्या दिवशी घराजवळच्या बागेत चक्कर मारा आणि दूध आदल्या दिवशीच आणून ठेवा. आणि पासपोर्ट बरोबर ठेवा, कोटाच्या आतल्या, चेन असलेल्या खिशात. आईने परत जाण्यापूर्वी बाबांच्या कोटाला तसा खिसा शिवून दिला आहे. कोट माझ्याकडेच आहे, पुढच्या वेळेसाठी.